सर्वांना चालेल असा तोडगा

वेलासीच्या संसदेत महासागर संघ सोडण्यावर पुन्हा एकदा मतदान झालं आणि पुन्हा एकदा काहीच ठरलं नाही. सभापती दुवाल यांनी आकडे वाचून दाखवले, चष्मा काढला आणि माइक बंद करायचं विसरून शेजारच्या सचिवाला म्हणाले, "यापेक्षा कोंबडीबाजार बरा. तिथं निदान संध्याकाळपर्यंत कोंबड्या खपतात तरी."

ते वाक्य घराघरांत ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. हसण्याजोगं काही उरलं नव्हतं.

हिंदी महासागरातल्या या बेटानं तीन वर्षांपूर्वी सार्वमत घेऊन चौदा देशांच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं होतं. ठरलं तेही निम्म्याहून जेमतेम जास्त मतांनी. पण बाहेर पडायचं म्हणजे कसं, हे कुणी विचारलंच नव्हतं. एक तृतीयांश खासदारांना सगळे दोर कापून टाकायचे होते. एक तृतीयांश म्हणत, बाहेर पडू पण जकात आणि बाजारपेठ संघाबरोबरच ठेवू. उरलेल्यांना बाहेर पडायचंच नव्हतं. कोणत्याही गटाचा मसुदा आला की दुसरे दोन गट एक होऊन तो पाडत. संघ मुदत वाढवून देई, खासदार ती मुदत भांडण्यात घालवत. तोवर वेलासी आत आहे की बाहेर हेच कळेना, म्हणून जहाजं बंदरात यायची बंद झाली. गोदामातल्या साखरेला पाणी सुटलं. मधुमेहाचं औषध घ्यायला लोक पहाटेपासून रांगेत उभे राहू लागले, आणि एका रांगेत एक म्हातारा शिक्षक बसल्या जागी गेला.

त्या आठवड्यात सभापती दुवाल स्वतः विद्यापीठात आले आणि कालिंदी साबाजीच्या खोलीचं दार त्यांनी वाजवलं.

कालिंदी गणिताची प्राध्यापक होती. तिच्या पणजोबांच्या आजोबांना कोकणातून ऊसमळ्यांवर आणलं होतं. धक्क्यावरच्या गोऱ्या कारकुनानं आडनाव विचारलं, त्यांनी बापाचं नाव सांगितलं, आणि तेव्हापासून हे घराणं साबाजी झालं. कालिंदीनं पंधरा वर्षं खपून एक यंत्र तयार केलं होतं. त्याचं नाव तिनं 'मध्यस्थ' ठेवलं होतं.

कोणत्याही घासाघिशीत खरा घोळ एकच असतो. आपण कुठपर्यंत खाली येऊ हे कुणी सांगत नाही. सांगितलं की समोरचा तिथपर्यंत ओढणार, हे ठाऊक असतं. त्यामुळे दोघांनाही चालला असता असा तोडगा अंधारातच राहतो. कालिंदीचा मध्यस्थ प्रत्येक खासदाराला एकट्याला बसवून प्रश्न विचारायचा. हे चालेल का ते चालेल? बंदर गेलं तर? मासेमारी निम्मी झाली तर? चलन बदललं तर? प्रत्येक गोष्टीला तीन उत्तरं असत: चालेल, कठीण, अशक्य. एकच प्रश्न तो वीस बाजूंनी फिरवून विचारी आणि माणसाच्या मनाचा नकाशा काढी.

ही उत्तरं बोलता बोलताच कुलूपबंद होत. त्यांचं गणित कुलूप न उघडता करता येई. बंद डब्यांतल्या वस्तूंची बेरीज डबे न उघडता करावी तसं. कुणी काय सांगितलं हे खुद्द कालिंदीलाही दिसत नसे. मग यंत्र लाखो मसुदे चाळून बहुमताला आणि समोरच्या पक्षाला, दोघांना पेलेल असा एक बाहेर काढी. ज्या कलमाला, त्याची झळ बसणाऱ्या भागाच्या प्रतिनिधीनं 'अशक्य' म्हटलं असेल, त्याच्याभोवती ते भिंत उभी करी आणि दुसऱ्या वाटेनं जाई. दोन कारखान्यांचे संप आणि एका नदीच्या पाण्याचं भांडण त्यानं मिटवलं होतं.

"देशाचं भांडण मिटवता येईल का, सांगा," सभापती म्हणाले.

"येईल कदाचित. पण यात एक खोट आहे," कालिंदी म्हणाली. "माझ्या यंत्रातली नाही, गणितातली. खोटं बोलून कधीच फायदा होणार नाही, अशी निवडीची पद्धत असूच शकत नाही. हे गेल्या शतकात सिद्ध होऊन गेलंय. जो ताणून सांगेल त्याला थोडं जास्त मिळतं. जो सरळ सांगेल त्याच्याकडून थोडं जास्त घेतलं जातं."

"आणि सगळेच खरं बोलले तर?"

"तर यापेक्षा चांगलं काही नाही."

दुवाल पुढं झुकले. "मग हे सदस्यांना सांगू नका. सांगितलंत तर सगळेच खोटं बोलतील आणि आपण आहोत तिथंच राहू."

तर्क म्हणून त्यात चूक नव्हती. सदस्यांना द्यायच्या सूचनांत कालिंदीनं स्वतःच्या हातानं लिहिलं, "मध्यस्थाशी मोकळेपणानं खरं बोला. त्यातच आपल्या मतदारांचं हित आहे."

संसदेत एकाहत्तर खासदार होते. त्यांतला एक कालिंदीचा थोरला भाऊ, रवळनाथ. वेलासी म्हणजे खरं तर दोन बेटं. नकाशावरची त्यांची फ्रेंच नावं कुणी घेत नसे. मराठी लोकांनी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि पुढं सगळेच तसं म्हणू लागले. धाकटीवर हजारभर वस्ती, माडांची बाग, एक शाळा, आणि जगातल्या फार थोड्या ठिकाणी मिळावं असं खोल, शांत बंदर. पण त्यात मासेमारीच्या होड्यांखेरीज काही येत नसे. घटनेनं धाकटीला एक जागा दिली होती आणि लोकांनी ती रवळनाथला दिली होती. बायको गेल्यापासून तो अधिवेशनापुरता थोरलीवर येई आणि बहिणीकडे जेवी.

मध्यस्थाबरोबरची बैठक आटपून तो आला तेव्हा कालिंदीनं तिरफळ घालून बांगड्याची आमटी केली होती. तो पोटभर जेवला. खुशीत होता.

"तुझं यंत्र चांगलं आहे गो," तो म्हणाला. "संसदेत कुणी माझं दोन मिनिटं ऐकत नाही. त्यानं अख्खी सकाळ ऐकलं."

"दादा, आत काय बोललास ते कुणाला सांगायचं नसतं. मलासुद्धा."

"तुला सांगायला काय झालं? चोरी थोडीच केली? बंदराबद्दल विचारलं, शाळेबद्दल विचारलं. मग म्हणालं, धाकटीची माणसं थोरलीवर आणावी लागली तर? मी म्हटलं, कठीण आहे. मागच्या वादळात आम्ही आठ महिने तुमच्या शाळांच्या वर्गांत काढलेच ना? रडत काढले, पण काढले. माणूस कुठंही जगतो."

कालिंदीच्या हातातली पळी थांबली. "अशक्य नाही म्हणालास?"

"अशक्य कसं म्हणू? एकदा केलेलं आहे. त्यानं फिरवून फिरवून विचारलं, मी तेच सांगितलं. खोटं बोलून काय मिळणार? तूच लिहिलंयस ना, खरं बोला म्हणून."

सदस्यांना शनिवारपर्यंत पुन्हा बसून उत्तरं बदलायची मुभा होती. दिवस बुधवार होता. कालिंदीला एवढंच म्हणायचं होतं: दादा, उद्या परत जा आणि त्या एका प्रश्नाला अशक्य म्हण. वीस वेळा विचारलं तरी अशक्यच म्हण. थोरलीच्या बंदराच्या खासदार बाई तसंच करत असणार. मळेवाल्यांचे खासदार तर नक्कीच. धक्क्यावरची क्रेन हलवली तर रस्त्यात रक्त सांडेल, उसाला हात लावला तर मजूर शेतं पेटवतील, असं ते तीन वर्षं बाहेर बोलत होते. आत काय वेगळं बोलणार?

पण तिनं शपथ घेतली होती. यंत्राच्या रखवालदारानं कुणाच्या उत्तराला हात लावायचा नाही, ही शपथ तिनंच लिहिली होती. शिवाय हजार माणसांचं बेट रिकामं करावं असा मसुदा मुळात कोण मांडणार, असंही तिला वाटलं. यंत्र शंभर गोष्टी विचारतं, त्यातली ही एक. तिनं भावाच्या ताटात आणखी भात वाढला आणि विषय बदलला.

पुढच्या मंगळवारी मध्यस्थानं तोडगा काढला. तो वाचायला खोलीत दोघंच होते, सभापती आणि ती.

वेलासी संघातून बाहेर पडेल. दोर कापू म्हणणाऱ्यांना झेंडा, चलन आणि कायदे परत मिळतील. बाजारपेठवाल्यांसाठी साखर, औषधं आणि कामगारांचे परवाने पूर्वीसारखेच खुले राहतील. संघात राहू म्हणणाऱ्यांच्या मुलांना संघातल्या सगळ्या देशांत शिकता येईल. एवढं सगळं संघ का देणार? कारण संघाला महासागराच्या ऐन मध्यावर एक खोल बंदर हवं होतं. संघाच्या वकिलांनीही मध्यस्थापुढं बसून तसं सांगितलं होतं. धाकटी नव्याण्णव वर्षांसाठी भाड्यानं संघाला जाईल. बंदराच्या सुरक्षेसाठी तिथं वस्ती राहणार नाही. रहिवाशांचं थोरलीवर पुनर्वसन होईल.

सगळीकडे भिंती होत्या. यंत्राला फट सापडली ती तेवढी एकच.

दुवाल यांनी सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता. कालिंदी म्हणाली, "हे पुन्हा चालवायला हवं."

"यंत्रात बिघाड आहे?"

"नाही."

"हिशेब चुकलाय?"

"नाही. पण धाकटीच्या उत्तरात..." ती अडखळली. "सगळ्यांनी ताणून सांगितलं असणार. तिथून कुणी ताणलं नाही. म्हणून हे असं आलंय."

"धाकटीच्या खासदारानं काय उत्तर दिलं, हे तुम्हाला कसं ठाऊक?" दुवाल यांनी शांतपणे विचारलं.

सांगितलं तर सगळीच प्रक्रिया रद्द होणार होती. गुप्तता मोडली म्हणून रवळनाथची खासदारकी जाणार होती, तिला तुरुंग होता, आणि बाहेर औषधाच्या रांगा तशाच राहणार होत्या.

"मी काही ऐकलं नाही," सभापती म्हणाले. "तुमची सही एवढंच सांगते की यंत्र नीट चाललं. ते नीट चाललं ना? बाकी निर्णय सभागृहाचा. ही माणसं आहेत, कालिंदीबाई. नकोसं वाटलं तर फेटाळतील."

हे शेवटचं तिनं घट्ट धरलं. एकाहत्तर माणसांना हे असं डोळ्यांसमोर लिहिलेलं दिसलं की लाज वाटेल. कुणीतरी उठून म्हणेल, आम्ही थोडं सोडतो, त्यांना राहू द्या. एक क्रेन सोडली, एक हंगाम सोडला तरी भागण्यासारखं आहे. आणि खोल कुठंतरी दुसरंही एक होतं, जे तिनं स्वतःशीदेखील नीट बोलून पाहिलं नाही. जगात पहिल्यांदाच एका देशाची कोंडी तिच्या यंत्रानं फोडली होती. तिनं सही केली.

सभागृहात मसुदा वाचला गेला तेव्हा खरोखरच शांतता पसरली. मग एकेक जण बोलायला उठला. मळ्यांचे खासदार म्हणाले, धाकटीच्या बांधवांचा त्याग इतिहास विसरणार नाही. बंदराच्या खासदार बाई बोलता बोलता रडल्या. तोडगा क्रूर आहे असंही दोघं-तिघं म्हणाले. पण तो आपला आहे असं कुणीच म्हणालं नाही. जो तो म्हणे, माझी मर्यादा वेगळीच होती, पण मध्यस्थानं सगळ्यांचं ऐकून हे काढलंय, तर देशासाठी मान्य करावं लागेल. कोण किती सरकलं हे कधीच कळणार नव्हतं. या यंत्राची थोरवीच ती होती. प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या कालिंदीला ते तिथं पहिल्यांदा नीट कळलं. तिनं माणसांच्या मर्यादा लपवल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर लाजही.

रवळनाथ शेवटी उठला. त्याला पाच मिनिटं दिली होती, त्यानं एकही पुरती घेतली नाही.

"माझं मत विरोधात आहे," तो म्हणाला. "यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं मला जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं. बाकीच्यांनीही खरंच सांगितलं असेल असं मी धरून चालतो."

त्यानं सभागृहावरून एकदा नजर फिरवली. कुणी कागद चाळत होतं, कुणी पाणी पीत होतं. तो खाली बसला.

चव्वेचाळीस मतं मसुद्याच्या बाजूनं पडली. राजधानीत फटाके वाजले. आठवड्याच्या आत पहिलं जहाज धक्क्याला लागलं, औषधांच्या रांगा विरल्या, साखर रवाना झाली. नाकारून चालणार नाही, माणसं वाचली. कालिंदीच्या गल्लीतली एक बाई आपल्या आजारी पोराला घेऊन आली आणि तिच्या पायांना हात लावून गेली.

धाकटी पावसाळ्याआधी रिकामी झाली. कालिंदी शेवटच्या फेरीला गेली. माणसांनी दारं, खिडक्या, कौलंसुद्धा काढून बोटीवर चढवली होती. माडांच्या बागेत राखणदार देवाचा दगड होता. तोही उचलून न्यावा असं काही तरुणांचं म्हणणं होतं. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं मान हलवली. "राखणदार जागेचा असतो, माणसांचा नाही. तो इथंच राहणार." त्यांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं आणि सगळे बोटीत चढले. संघाचे अधिकारी अदबीनं लांब उभे होते. त्यांनी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या.

थोरलीवर ऊसमळ्यांच्या कडेला सरकारनं त्यांना चाळी बांधून दिल्या होत्या. समुद्र तिथून दिसत नव्हता. माणसं वेगवेगळ्या मतदारसंघांत विखुरली आणि धाकटीची जागाच रद्द झाली. पुढच्या निवडणुकीत सत्तर खासदार निवडून आले. रवळनाथच्या वाट्याची चाळीतली खोली त्यानं एका लेकुरवाळ्या कुटुंबाला दिली आणि तो बहिणीच्या घरी राहायला आला.

तो काही बोलला नाही, हेच कालिंदीला सोसवेना. सकाळी उठून अंगण झाडी, बाजार आणी, जेवला की आपलं ताट आपण घासून ठेवी. तिच्याकडे परदेशांतून माणसं येत. सीमेवरून भांडणारे दोन देश, फुटायला निघालेलं एक संघराज्य, सगळ्यांना मध्यस्थ हवा होता. रवळनाथ त्यांना चहा नेऊन देई आणि मागच्या पडवीत जाऊन जाळं विणत बसे. ते जाळं टाकायला आता त्याच्याकडे पाणी नव्हतं.

एके दुपारी असेच पाहुणे येऊन गेले. त्यांच्यातल्या एका तरुण शास्त्रज्ञानं जाता जाता विचारलं होतं, या यंत्रापुढं खोटं बोलणाऱ्याचा फायदा होतो, हे तुम्ही वेलासीच्या खासदारांना सांगितलं होतं का? कालिंदीनं त्याला काहीतरी गोलमोल उत्तर दिलं. मग ती मागच्या पडवीत आली आणि भावासमोर जमिनीवर बसली.

तिनं सगळं सांगितलं. गणितातली खोट, सभापतींशी झालेलं बोलणं, बुधवारचं जेवण. शनिवारपर्यंत वेळ होता हे. यंत्रात बिघाड आहे असं म्हणून ती सही अडवू शकली असती हेही. रवळनाथची सुई चालत राहिली. ती बोलायची थांबली तेव्हा त्यानं ती खाली ठेवली.

"म्हणजे मी जेवत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"असं होईल हे नव्हतं ठाऊक. होऊ शकतं एवढंच ठाऊक होतं."

"आणि तू भात वाढलास."

ती रडू लागली. त्यानं तिला रडू दिलं.

"दादा, मी सांगितलं असतं तर तू खोटं बोलला असतास?"

त्यानं बराच वेळ विचार केला. तो तसाच माणूस होता, विचारलेल्या प्रश्नाचा विचार करणारा.

"माहीत नाही," तो म्हणाला. "कदाचित नसतो बोललो. जमलंही नसतं. पण ते ठरवायचं मी होतो, कालिंदी. हजार माणसांनी त्यासाठी मला पाठवलं होतं. तू माझ्या जागी बसून ते ठरवलंस, आणि मला कळूही दिलं नाहीस."

"सगळे खरं बोलले असते तर..."

"सगळे कधी बोललेत?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तू इतकी शिकलीस. तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगण झाडलं, बाजार आणून ठेवला आणि आपली पिशवी घेऊन चाळीत निघून गेला. ज्यांना खोली दिली होती त्यांच्याच व्हरांड्यात त्यानं खाट टाकली. कालिंदीनं दोनदा गाडी पाठवली. दोन्ही वेळा ड्रायव्हर चहा पिऊन रिकामा परत आला.

त्या वर्षी मध्यस्थानं परदेशांतली आणखी दोन भांडणं मिटवली. तिथं कुणाचं काय गेलं हे वर्तमानपत्रांत आलं नाही. कालिंदीला संघानं आणि वेलासीनं, दोघांनीही पदकं दिली. खासदारांच्या सूचनांमधलं 'खरं बोला' हे वाक्य तिनं बदलायला घेतलं, तेव्हा नव्या सभापतींनी तिला तेच समजावलं, जे दुवाल यांनी समजावलं होतं. ते वाक्य तसंच राहिलं.

भाद्रपदात धाकटीच्या लोकांनी चाळीत गणपती बसवला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी कालिंदी गेली. पत्र्याच्या मांडवात दाटी झाली होती. झांजा वाजत होत्या. दाराशी रवळनाथ उभा होता, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातावर खिरापत ठेवत होता. केस पुरते पांढरे झाले होते. तिला पाहून त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर तिला आधार वाटला असता. त्यानं खिरापतीचं ताट शेजाऱ्याकडे दिलं, हात पुसले आणि पुढं येऊन नमस्कार केला.

"या, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही पुढं बसा. मोठ्या माणसांसाठी खुर्च्या ठेवल्यात."

पुढच्या रांगेत चार खुर्च्या होत्या. चारही रिकाम्या होत्या. बाकी सगळे जमिनीवर बसले होते. कालिंदी त्यांच्यामधून वाट काढत गेली आणि त्यांतल्या एका खुर्चीवर बसली.